सव्वादहा ते दहा चाळीस : विश्रांती

तृप्तीने नाशिकच्या सहलीचा बेत फुलस्केप कागदावर उभ्या रेघा मारून आखला. संतोषने तो कागद हातात घेतला आणि कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसा डोळ्यांजवळ धरून वाचला.

"सव्वादहा ते दहा चाळीस, विश्रांती," तो म्हणाला. "आणि दहा एक्केचाळीसला दमलो तर?"

"तुम्ही थट्टाच करा. दोन लेकरं घेऊन निवांत हिंडायचं, तर निवांतपणाचीसुद्धा तयारी लागते."

संतोषचं सायखेड्यात बसस्टँडजवळ खतं-औषधांचं दुकान होतं. द्राक्षांची एप्रिल छाटणी आटोपली की दुकानाला जरा उसंत मिळे. शाळेला सुट्टी होती. तेजू सहा वर्षांची, ललित साडेतीनचा. शनिवार-रविवार नाशिकला लॉजवर राहायचं आणि सोमवारी पुढे घोटीला, तृप्तीच्या माहेरी जायचं, असं ठरलं होतं. नाशिक सायखेड्याहून तासा-दीड तासावर. तिथे लॉजवर राहायचं म्हणजे आपल्याच विहिरीवर बाटलीचं पाणी पिण्यातला प्रकार, हे संतोषने पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं. पण तृप्तीचं मन त्यावरच बसलं होतं.

तिला कारण होतं. घोटीहून रोज जा-ये करून तिने नाशिकला बी.कॉम. केलं, पण नाशिक काही पाहिलं नाही. सकाळच्या एस.टी.ने यायचं, पाचच्या गाडीने परत जायचं. सीबीएसचा फलाट, कॉलेजचा जिना आणि या दोहोंमधली धावपळ, एवढंच तिचं नाशिक. मैत्रिणी संध्याकाळी कॉलेज रोडला आइस्क्रीम खायला निघाल्या की ही मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची. लग्नानंतर सायखेड्याला आली तेव्हा वाटलं, आता सवडीने पाहता येईल. पण आता नाशिक म्हणजे पल्लवीताई.

पल्लवीताई संतोषची थोरली बहीण. सिडकोत राहायची. नवरा कंपनीत पाळीवर, घर दोन खोल्यांचं. पण सायखेड्यातलं कुणीही दवाखान्याला, कोर्टाला, लग्नाच्या बस्त्याला नाशिकला आलं की उतरायचं ताईंकडेच. गावात फोन मोजके, त्यामुळे गावातल्या कुठल्याही कागदावर 'नाशिकमधील संपर्क' असा रकाना आला की लोक डोळे मिटून ताईंचा नंबर टाकत. तृप्तीच्या दोन्ही बाळंतपणांच्या कागदांवर तोच होता. मागच्या मे महिन्यात तृप्ती तीन दिवस राहून आली, तर घरात चौदा माणसं. त्या तीन दिवसांत तिने पाहिलेलं नाशिक म्हणजे ओट्यापुढच्या खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. वर येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा ललितचा दंड चाचपून म्हणायचा, "पोर सुकलंय गं." तिसऱ्या दिवशी तिला स्वतःलाच वाटायला लागलं की आपल्याला मुलं सांभाळता येत नाहीत. ते वाटणं वर्षभर गेलं नव्हतं. ललित शिंकला तरी ती आधी स्वतःची चूक शोधायची.

ताई वाईट नव्हत्या, हेच तर अवघड होतं. वाईट असत्या तर सरळ भांडता आलं असतं.

तृप्तीला हवं होतं ते एवढंच. दोन दिवस आपली लेकरं आपण सांभाळायची, शेजारी उभं राहून कुणी न सांगता. जमतं का बघायचं. पण हे ताईंना कळलं असतं तर? सख्ख्या बहिणीचं घर असताना भाऊ लॉजवर उतरला, म्हणजे बहिणीच्या तोंडावर दार लावल्यासारखं. मग भाऊबीजेला ओवाळायला ताट तरी निघालं असतं का?

म्हणून घरी सांगितलं फक्त 'घोटी'. घोटीला जायचंच होतं, दोन दिवस उशिरा एवढंच. सासूबाईंनी लगेच जुन्या साडीच्या फडक्यात कुरडया बांधल्या. "इहीणबाईला दे. यंदा लय पांढऱ्या झाल्यात. अन् मोडू नको, लेकरासारख्या सांभाळून ने."

"लेकरासारख्या म्हटल्यावर झालंच," संतोष पुटपुटला. "आता यांनाही टोपी घालशील."

तृप्तीने ते ऐकूनही सोडून दिलं. तिची तयारी चालली होती. उकळून गार केलेल्या पाण्याचा जग, तापाचं औषध, थर्मामीटर, दोन टोप्या, कपड्यांचे चार जोड जास्तीचे. शेवटी प्रत्येक मुलासाठी एक चिठ्ठी. नाव, वडिलांचं नाव, मुक्काम पोस्ट सायखेडा, तालुका निफाड, आणि खाली फोन नंबर. चिठ्ठ्या तिने प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून सेफ्टी पिनेने खिशात लावल्या. तेजूला विचारलं, "हरवलीस तर काय करायचं?"

"पोलीसकाकांना चिठ्ठी दाखवायची."

"आणि ललित, तू?"

"मी गोळा खाणार," ललित म्हणाला.

लॉज गंगापूर रोडच्या आतल्या एका शांत गल्लीत होता. दारात कडुनिंब, खाली टेबलाशी मॅनेजर. नाव जयरामभाऊ, कपाळावर गंधाचा ठिपका. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. संतोष भरभर लिहीत गेला आणि 'येण्याचे कारण' या रकान्याशी अडला. वरच्या ओळींवर नजर टाकली तर दर्शन, लग्न, कोर्टकाम, दवाखाना, दर्शन, दर्शन.

"काय लिहू गं?"

"लिहा, निवांत," तृप्ती म्हणाली.

जयरामभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "निवांत हे कारण होत नाही, साहेब. दर्शन टाका."

संतोषने दर्शन टाकलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर. तृप्तीने आधी चादर उलटून पाहिली, मग बाथरूमची कडी आतून अडकत तर नाही ना ते पाहिलं. कूलरची वायर मुलांच्या हातापासून लांब केली. शेवटी गॅलरीच्या गजांमधून ललितचं डोकं जातं का, ते प्रत्यक्ष ललितचं डोकं लावून पाहिलं. नाही गेलं. मग तेजूचंही पाहिलं. तेजूचं डोकं त्याच्याहून मोठं होतं, तरीही.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेले जयरामभाऊ दारात थांबून हे सगळं बघत होते. "ताई, आपण पोलीस खात्यात का?"

"नाही, बी.कॉम.," संतोषने परस्पर उत्तर दिलं.

दुपारी कागदाप्रमाणे झोप होती. ललित पलंगावर उड्या मारत राहिला, तेजूने कूलरपुढे तोंड नेऊन भुताचे आवाज काढले, आणि झोपला तो एकटा संतोष. तृप्ती त्या रकान्यावर बरोबरची खूण करावी की फुली, या विचारात पेन धरून बसली.

साडेपाचला बाग. तीही कागदावर होती. संध्याकाळचं वारं सुटलं होतं. भेळेच्या गाड्यांवर कांदा चिरायचा आवाज चालू होता, बायका हिरवळीवर पाय पसरून बसल्या होत्या. आणि कुणीही, अगदी कुणीही, ललितचा दंड चाचपत नव्हतं. संतोष तेजूला झोका देत होता. ललित तृप्तीच्या पायाशी दगड गोळा करत होता. तृप्तीला एकदम हलकं वाटलं. जमतंय की! तिने पर्समधून कागद काढला, 'साडेपाच, बाग' यापुढे खूण केली आणि पुढची ओळ वाचली.

वर पाहिलं तर पायाशी दगड होते. ललित नव्हता.

मान खाली किती वेळ गेली असेल? दोन ओळी वाचण्याइतकी. तिने हाक मारली ती तिची तिलाच ऐकू आली नाही. झोक्यांपाशी नाही, घसरगुंडीवर नाही, नळाशी नाही. प्रत्येक निळा शर्ट ललितचा वाटे आणि जवळ गेल्यावर नसे. संतोष तेजूचा हात धरून उलट्या बाजूने पळाला. तृप्तीच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, कुणाच्या तरी पाहुण्या आवाजात: हिला मुलं सांभाळता येत नाहीत.

ललित फाटकाजवळ सापडला. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीशी उभा, हातात काला खट्टा, हनुवटीपासून पोटापर्यंत जांभळा ओघळ.

तृप्तीने त्याला उचलून असं आवळलं की गोळा दोघांत वाटला गेला. सगळं मिळून तीन मिनिटंही झाली नव्हती.

"घाबरू नका ताई," गोळेवाला म्हणाला. "पोरगं एकदम शांत हाय. एक काका होते, त्यांनीच गोळा घेऊन दिला. मग खिशातली चिठ्ठी काढली न् गेले ते काय समोर, फोनला."

"फोनला?" तृप्ती म्हणाली.

तिने ललितचा खिसा चाचपला. सेफ्टी पीन होती, चिठ्ठी नव्हती. आणि त्या चिठ्ठीवर आपण कोणता नंबर लिहिलाय, हे तिला त्या क्षणी, रस्त्यापलीकडच्या एसटीडीच्या पिवळ्या पाटीकडे बघताना आठवलं. नाशिकमधील संपर्क. डोळे मिटून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इथे तर हात दाखवून त्याला सेफ्टी पीनही लावलेली.

तेवढ्यात ते काका रस्ता ओलांडून आलेच. पांढरे केस, पांढरे कॅनव्हासचे बूट, पेन्शनरांचा असतो तसला उत्साह. "आपलंच का बाळ? फार हुशार हो. नाव, गाव सगळं सांगितलं. आई कुठंय म्हटलं, तर म्हणतो, कागद वाचतीये." त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून तृप्तीच्या हातात दिली. "पण चिठ्ठी लावलीत ते उत्तम केलंत. शंभरात एखादी आई असं करते. मी लगेच फोन लावला. काही काळजी करू नका, त्याच्या आत्याबाई रिक्षाने निघाल्यासुद्धा!"

तृप्तीने त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

धापा टाकत आलेल्या संतोषला तिने सगळं सांगितलं. तो तसाच बूथवर पळाला आणि दोन मिनिटांत परत आला. "फोन गावाकडच्या पुतळामावशीने उचलला. तिच्या पोरीच्या बस्त्याला आठ जण आलेत ताईकडं. म्हणाली, ती कवाच पळाली रे, चपला बी कुणाच्या घातल्या देव जाणे."

तेजू म्हणाली, "आत्या येणार? मज्जा!"

"ऐक," संतोष हळूच म्हणाला. "पोरगं सापडलंय. आपण लॉजवर जाऊ. तिथून तिच्या घरी फोन करू. ललित घोटीला आहे, कुणीतरी चेष्टा केली म्हणू. चिठ्ठी तरी तिने कुठं पाहिलीय?"

तृप्ती क्षणभर मोहात पडली. गल्ली मागेच होती, चार मिनिटांत खोलीत. दोन दिवस वाचले असते, भाऊबीजही वाचली असती. मग तिला ती मघाची तीन मिनिटं आठवली. सिडको तिथून अर्ध्या तासावर. म्हणजे ताई आत्ता रिक्षात बसून ते तीन मिनिटांचं दुखणं अर्धा तास भोगत असणार. आणि इथे येऊन पाहतील तर फाटकाशी कुणीच नाही.

"नको," ती म्हणाली. "मी इथेच थांबते."

"अगं पण ती—"

"बोलतील. बोलू देत. पण रिक्षातून उतरायच्या आधी त्यांना ललित दिसला पाहिजे."

ती फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि ललितला संतोषच्या खांद्यावर बसवलं, लांबून दिसेल असं. काकाही जबाबदारीने शेजारी उभे राहिले. ललितला वाटलं मिरवणूक आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला हात दाखवत राहिला.

पंचविसाव्या मिनिटाला एक रिक्षा लांबूनच हॉर्न वाजवत आली. आतून एक हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत कणकेचा. रिक्षा थांबायच्या आत पल्लवीताई उतरल्या. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात कुणाची तरी पुरुषी वहाण. त्यांनी ललितला खांद्यावरून ओढून घेतलं, तोंड पाहिलं, हात पाहिले, पाय पाहिले.

"हे काय! हे काळंनिळं काय झालंय माझ्या बाळाला?"

"काला खट्टा," ललित म्हणाला.

ताई गोळेवाल्याच्या उलट्या खोक्यावर बसल्या आणि ललितच्या पोटात तोंड खुपसून रडल्या. काकांनी हळूच पैसे देऊन त्यांची रिक्षा वाटेला लावली आणि कुणाला आभाराची संधी न देता निघून गेले. रडून झाल्यावर ताईंनी पदराने नाक पुसलं आणि वर पाहिलं. आधी भावाकडे, मग तृप्तीकडे, मग तेजूच्या नव्या फ्रॉककडे.

"आई तर म्हणाली, तुम्ही घोटीला."

संतोषने तोंड उघडलं, पण तृप्तीच पुढे झाली. "ताई, मी सांगते. यांचा काही दोष नाही, हे माझ्या डोक्यातलं. आम्ही दोन दिवस इथे लॉजवर उतरलोय. परवा घोटीला जाणार."

"लॉजवर." ताईंनी तो शब्द चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टपालासारखा उलटसुलट करून पाहिला. "माझं घर असताना."

"हो."

"जागा नव्हती माझ्याकडं?"

"तुमच्याकडं कधी जागा नसते, ताई? आठ जणांत आम्ही चार मावलोच असतो." आता सुरुवात झालीच होती. "मागच्या खेपेला तीन दिवस राहिले. तुम्ही पोळ्या लाटत होता, मी भाजत होते. तिसऱ्या दिवशी जाताना लक्षात आलं, ताईंशी बोललेच नाही. आणि ललित सुकलाय हे मला अकरा जणांनी सांगितलं. मी मोजलं."

"मी नाही म्हटलं."

"तुम्ही दोनदा म्हटलं."

संतोष लगबगीने गोळेवाल्याकडे वळला आणि कुठकुठले रंग आहेत याची चौकशी करू लागला.

ताई बोटांवरची सुकलेली कणीक नखाने खरवडत राहिल्या. मग उठल्या. "दाखव."

"काय?"

"तुझा लॉज. बघू तरी, माझ्या घरापेक्षा काय सोनं लागलंय त्याला."

वाटेत बोलला तो एकटा ललित. जयरामभाऊंनी ताईंच्या चपलांकडे पाहिलं आणि शहाणपणाने रजिस्टरात डोकं घातलं. वर खोलीत ताईंनी चादर उलटून पाहिली. बाथरूमची कडी पाहिली. गॅलरीत जाऊन गजांमधून हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "डोकं जाईल का गं यातून?"

"नाही जात. लावून पाहिलंय."

"बरं केलंस."

मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. कूलर घुमत होता. खालच्या गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताई इकडे-तिकडे बघत राहिल्या. काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. एकदम उठून त्या दाराशी गेल्या आणि आतून कडी घातली. घातली, काढली, पुन्हा घातली. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आमच्या दाराला कडी लागते ती एकदम झोपताना," त्या म्हणाल्या. "दिवसा लावायची नाही. कोण कधी येईल, सांगता येत नाही ना. अकरा वर्षं झाली." मग थोड्या वेळाने, "इथं कुणी आलं तर?"

"कोण येणार?" तृप्ती म्हणाली. "कुणाला माहीतच नाही आपण इथे आहोत."

ताईंना हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. "कुणालाच माहीत नाही? सायखेड्यातल्या एकाही माणसाला?"

"तुम्ही सोडून."

"अगं बाई," ताई म्हणाल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. सरळ, पाय लांब करून, कणकेच्या हातांसकट.

पाच मिनिटांनी त्या उठून बसल्या. "घरी फोन करायला हवा. कणीक तशीच आहे. आठ माणसं जेवायचीत."

खाली जयरामभाऊंच्या टेबलावरून त्यांनी नंबर फिरवला. तृप्ती शेजारीच उभी होती. "पुतळामावशी? हो हो, सापडला. हो, देवाची कृपा. पण मावशी, लई घाबरलंय हो पोर. मला सोडतच नाही. गळ्याला मिठी मारून बसलंय." जिन्यावर ललित एकेक पायरी उडी मारून उतरत होता आणि प्रत्येक उडीला 'भो' करत होता. ताईंनी क्षणभर रिसिव्हरवर हात ठेवला, मग काढला. "हो, तोच ओरडतोय. घाबरून. मी जेवून-खाऊन येते. कणीक मळलेली आहे, पोळ्या तेवढ्या तुम्ही करून घ्या. अन् हो, तुमच्यातल्या कुणाची वहाण माझ्या पायात आलीय? मामांची? बरं."

त्यांनी फोन ठेवला. जयरामभाऊ रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले, "चहा पाठवू का वर?"

"आम्ही नाही करायचा?" ताईंनी विचारलं.

"लॉजवर पाहुणे चहा करत नाहीत, ताई."

त्या संध्याकाळी कागदावर 'सात वाजता मिसळ' होती, ती राहिली. सासूबाईंच्या कुरडयांचं गाठोडं दिसताच ताईंनी ते मांडीवर ओढून घेतलं. आईच्या हातच्या यंदा त्यांच्यापर्यंत आल्याच नव्हत्या. बसमध्ये मोडतात म्हणून आईने पाठवल्या नव्हत्या. जयरामभाऊंनी त्यातल्या मूठभर खाली तळून आणल्या आणि दोन स्वतःसाठी न विचारता ठेवून घेतल्या. ताई, तृप्ती आणि मुलं पलंगावर मांड्या घालून कुरडया खात बसली. तृप्तीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, की ताईंना लग्नाआधी शिवणाचं दुकान टाकायचं होतं, की त्या नाशिकला आल्या तेव्हा महिनाभर रोज रडल्या होत्या, की संतोष लहानपणी यात्रेत हरवला तेव्हा त्याने स्वतःचं नाव 'राजा' सांगितलं होतं.

"माझी तेव्हा मान खाली होती," ताई म्हणाल्या. "बांगड्या बघत होते. आईने मारलं मला. ललित म्हणाला, तू कागद वाचत होतीस. एवढंच ना?"

तृप्तीने मान हलवली. तिच्या आतलं वर्षभराचं काहीतरी सैल झालं, पण तिने ते दाखवलं नाही. ललितला आणखी एक कुरडई दिली.

ताईंनी तो कागद मागून घेऊन वाचला. गोळ्याचा जांभळा डाग बरोबर रविवार सकाळवर पडला होता. "सव्वादहा ते दहा चाळीस, विश्रांती!" त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. कागदाची घडी घालता घालता म्हणाल्या, "घाबरलेलं पोर एका दिवसात कुठं सावरतं? उद्याही लागेल मी."

तृप्तीने क्षणभर विचार केला. दोन दिवस तिचे होते, आणि एक आधीच संपला होता. "या," ती म्हणाली. "पण दोन अटी आहेत. काही करून आणायचं नाही. आणि सुकलंय म्हणायचं नाही."

"पण सुक—" ताईंनी ओठ दाबले. "नाही म्हणत."

रविवारी सकाळी ताई दहालाच आल्या. इस्त्रीची साडी, दोन्ही पायांत स्वतःच्या चपला, रिकामे हात. "रिकाम्या हातानं कुणाकडं जाण्याची ही पहिलीच वेळ," त्या म्हणाल्या, "हात कुठं ठेवावेत तेच कळेना रिक्षात."

सव्वादहाला कागदाप्रमाणे विश्रांती होती. ताई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या आणि मुलांना खालची माणसं दाखवत गोष्टी रचू लागल्या. हा सायकलवाला राजाचा हेर, ही भाजीवाली खरी राणी. संतोष पेपर आणायला खाली गेला होता तो जयरामभाऊंशी गप्पांत अडकला. तृप्ती फक्त पाठ टेकायला म्हणून आडवी झाली. एक डोळा गॅलरीवर ठेवून. ललितची पाठ दिसत होती. ताईंनी त्याची कॉलर मागून मुठीत धरली होती.

जाग आली तेव्हा ऊन गजांवरून सरकून भिंतीवर चढलं होतं. तृप्ती धडपडून उठून बसली. घड्याळात बारा वाजून पन्नास मिनिटं. गॅलरी रिकामी होती. मग तिने शेजारी पाहिलं. ललित तिच्या पायांवर आडवा पडला होता. तेजू ताईंच्या कुशीत, ताई भिंतीकडे तोंड करून, आणि संतोष खाली सतरंजीवर, पेपर तोंडावर. दाराला आतून कडी.

अकराची लेणी गेली होती. साडेबाराचं जेवणही गेलं होतं. तिने उशीखालचा कागद काढला. रविवारच्या पहिल्या ओळीतलं 'दहा चाळीस' खोडलं. त्याजागी काय लिहावं याचा थोडा विचार केला आणि काहीच न लिहिता पेनाला टोपण लावलं. मग ललितच्या खिशात पुन्हा लावलेली चिठ्ठी पीन सैल झालीय का म्हणून चाचपून पाहिली. नंबर तोच होता. तो आता फिरवून उपयोग नव्हता. उचलणारी बाई इथे घोरत होती.

दारावर टकटक झाली.

तृप्ती उठायला लागली तसा भिंतीकडून ताईंचा झोपाळलेला आवाज आला. "कोण असेल ते असो. उघडू नको गं."

"चहा आणलाय," बाहेरून जयरामभाऊ म्हणाले.

ताईंनी एक डोळा उघडला. "मग उघड."